सही कोणाची, जाब कोणाला? सी.ए., अकाउंटंट आणि त्यांच्यावरील नियंत्रणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेर शहराच्या लष्कर, मुरार आणि थाटीपूर या भागांतील मराठी कुटुंबे, दुकानदार आणि मंडळांच्या कार्यकारिणी यांच्याकडून हिशेब आणि ऑडिटविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. कागदावर सही करणारा माणूस चुकला तर त्याला जाब विचारण्याचा अधिकार कोणाला आहे, हे आधी माहीत नसल्यामुळे यातील बहुतेक अडचणी उभ्या राहतात. म्हणून प्रत्येक उत्तरात शक्य तेथे ते स्पष्ट केले आहे.

१. अकाउंटंट, सी.ए., टॅक्सचे वकील आणि जी.एस.टी. भरून देणारे हे सगळे एकाच संस्थेखाली येतात का?

नाही. 'अकाउंटंट' हे कामाचे नाव आहे, ती पदवी नव्हे. दाल बाजारातील पेढीवर वर्षानुवर्षे कीर्द-खतावणी सांभाळणारे आणि आता टॅलीत नोंदी करणारे मुनीमजी अत्यंत वाकबगार असू शकतात, पण त्यांच्यावर कोणत्याही व्यावसायिक संस्थेचे नियंत्रण नसते. ते फक्त मालकाला उत्तरदायी असतात. 'चार्टर्ड अकाउंटंट' हे नाव मात्र १९४९ च्या कायद्याने राखलेले आहे आणि संस्थेचा सदस्य नसलेल्याने ते लावणे हा गुन्हा आहे. कॉस्ट अकाउंटंट १९५९ च्या कायद्याखाली येतात, कंपनी सेक्रेटरी १९८० च्या. कर-वकिलांवर बार कौन्सिलचे नियंत्रण असते, तर जी.एस.टी. प्रॅक्टिशनरची नोंदणी जी.एस.टी. खात्याकडे असते. म्हणूनच तक्रार लिहिण्यापूर्वी समोरची व्यक्ती यांपैकी नेमकी कोण आहे, हे पाहावे लागते. पाटीवर 'टॅक्स कन्सल्टंट' एवढेच लिहिलेले असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही.

२. सी.ए.ची संस्था सरकारी आहे की खाजगी?

दोन्ही नाही. भारतीय सनदी लेखापाल संस्था, म्हणजे आय.सी.ए.आय., ही संसदेच्या कायद्याने १ जुलै १९४९ रोजी स्थापन झालेली वैधानिक संस्था आहे आणि तिचे मुख्यालय नवी दिल्लीत आहे. तिच्या केंद्रीय परिषदेत सदस्यांमधून निवडून आलेले जास्तीत जास्त ३२ आणि केंद्र सरकारने नेमलेले जास्तीत जास्त ८ जण असतात. संस्था परीक्षा घेते, सदस्यांची नोंदवही ठेवते, लेखापरीक्षणाची मानके ठरवते आणि चुकलेल्या सदस्यावर कारवाईही करते. आपल्याच व्यवसायबंधूंची चौकशी आपणच करायची, या रचनेवर आक्षेप घेतले गेले आणि ते मला रास्त वाटतात. संसदेने २०२२ मध्ये केलेल्या दुरुस्तीत शिस्तपालन समित्यांचे अध्यक्षपद संस्थेबाहेरच्या व्यक्तीकडे देण्याची तरतूद आहे, तीही याच आक्षेपातून आली.

ग्वाल्हेरची शाखा मध्य भारत विभागीय परिषदेखाली येते आणि या परिषदेचे कार्यालय कानपूरला आहे. शाखा व्याख्याने, वर्ग आणि विद्यार्थ्यांसाठी उपक्रम चालवते. तक्रार ऐकण्याचा अधिकार शाखेला नाही (प्रश्न १० पाहावा).

३. माझे सासरे ए.जी. ऑफिसातून ऑडिटर म्हणून निवृत्त झाले. ते आमच्या दुकानाच्या ताळेबंदावर सही करू शकतात का?

हा प्रश्न ग्वाल्हेरखेरीज इतरत्र क्वचितच विचारला जात असेल. १९५६ मध्ये नवे मध्य प्रदेश राज्य झाले तेव्हा राजधानी भोपाळला गेली, पण महालेखाकार कार्यालय, म्हणजेच ए.जी. ऑफिस, ग्वाल्हेरला आले आणि तेव्हापासून येथील कित्येक मराठी घरांत झाशी रोडवरच्या त्या कार्यालयात नोकरी केलेले कोणी ना कोणी असते. घरात ऑडिटर असल्यामुळे हा समज सहज होतो.

सही करता येणार नाही. महालेखाकार कार्यालय भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, यांच्या अधिपत्याखाली आहे. कॅगचे पद राज्यघटनेच्या अनुच्छेद १४८ ने निर्माण केले आहे आणि त्यांची कर्तव्ये व अधिकार १९७१ च्या कायद्याने ठरवले आहेत. या कार्यालयांतील लेखापरीक्षक शासनाचा खर्च तपासतात. लेखे व हक्कदारी शाखा राज्याचे लेखे ठेवते आणि कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीचे व निवृत्तिवेतनाचे काम पाहते. त्यांच्यावर सेवानियम लागू असतात, सी.ए. कायदा नाही. त्यांचा अनुभव कितीही मोठा असला तरी कायद्याने जेथे सी.ए.ची सही मागितली आहे तेथे तो चालत नाही. घरचे हिशेब नीट लावायला मात्र त्यांच्याइतका चांगला मार्गदर्शक मिळणे कठीण.

दोन्ही जगे एका ठिकाणी भेटतात. सरकारी कंपनीचा लेखापरीक्षक हा सी.ए.च असतो, पण त्याची नेमणूक कॅग करतात आणि त्याच्या अहवालानंतर कॅग पूरक तपासणीही करू शकतात.

४. समोरचा माणूस खरोखरच सी.ए. आहे आणि सहीही त्याचीच आहे, हे घरबसल्या कसे तपासावे?

दोन गोष्टी स्वतंत्रपणे तपासाव्यात. पहिली म्हणजे सदस्यत्व आणि प्रॅक्टिसचा दाखला. सी.ए. परीक्षा उत्तीर्ण झालेला प्रत्येक जण सही करू शकत नाही. त्याच्याकडे संस्थेचे सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस असावे लागते. एखाद्या कारखान्यात पूर्णवेळ वित्त अधिकारी असलेले आणि हा दाखला न घेतलेले सी.ए. शेजारधर्म म्हणून आपल्या मुलाच्या व्हिसासाठी मालमत्तेचे प्रमाणपत्र देऊ लागले, तर ते नम्रपणे नाकारावे, कारण ते त्यांनाही अडचणीत आणील.

दुसरी गोष्ट म्हणजे यू.डी.आय.एन., म्हणजे सी.ए.ने सही केलेल्या प्रत्येक कागदाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक. प्रमाणपत्रांसाठी १ फेब्रुवारी २०१९ पासून, टॅक्स ऑडिटसाठी (आयकर कायद्याखालील हिशेब तपासणीसाठी) १ एप्रिल २०१९ पासून आणि इतर लेखापरीक्षण अहवालांसाठी १ जुलै २०१९ पासून हा क्रमांक सक्तीचा आहे. सहीच्या खाली, शिक्क्याच्या आसपास १८ अंक-अक्षरांची एक ओळ असते. तिचे पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे सहा अंक सी.ए.च्या सदस्य क्रमांकाचे आणि उरलेली दहा अंक-अक्षरे संगणकाने दिलेली असतात. सहीखाली छापलेला सदस्य क्रमांक आणि या ओळीतील तिसऱ्यापासून आठव्यापर्यंतचे अंक जुळत नसतील तर कागद तेथेच बाजूला ठेवावा. ते जुळत असतील तर संस्थेच्या यू.डी.आय.एन. संकेतस्थळावर तो क्रमांक टाकावा. सी.ए.ने नोंदवलेला कागदाचा प्रकार, तारीख आणि उलाढाल किंवा निव्वळ मालमत्तेसारखे ठळक आकडे तेथे दिसतात. हातातील कागदावर उलाढाल ८० लाख आणि संकेतस्थळावर ३० लाख दिसत असेल, तर कागदात कोणीतरी फेरफार केला आहे. बँका हेच करतात; कर्ज देणाऱ्या पतसंस्थांनी आणि भागीदारी करू पाहणाऱ्यांनीही करावे.

क्रमांक खरा असला म्हणून आतील मजकूर बरोबर आहे असे सिद्ध होत नाही. तो कागद त्या सी.ए.ने आपल्या नावावर नोंदवला आहे आणि त्याची जबाबदारी त्याच्यावर आहे, एवढेच त्यातून कळते.

५. कोणते काम सी.ए.कडूनच करून घ्यावे लागते?

विवरणपत्र भरणे, जी.एस.टी.चे रिटर्न भरणे, हिशेब लिहिणे ही कामे कोणीही जाणकार व्यक्ती करू शकते. कंपनीचे वैधानिक लेखापरीक्षण मात्र सी.ए.च करू शकतो आणि उलाढाल शून्य असली तरी ते प्रत्येक प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला बंधनकारक आहे. हे न समजल्यामुळे हौसेने कंपनी काढून ठेवणारे पुढे दंड भरतात. एल.एल.पी.ची (मर्यादित दायित्व भागीदारीची) उलाढाल ४० लाख किंवा भागीदारांचे योगदान २५ लाख रुपयांच्या वर गेले की तिलाही ऑडिट लागते. टॅक्स ऑडिटची मर्यादा व्यापाऱ्यासाठी १ कोटींची उलाढाल आहे. रोखीची जमा आणि रोखीचा खर्च दोन्ही ५ टक्क्यांच्या आत असतील तर ती १० कोटी होते. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद अशा व्यावसायिकांसाठी ती ५० लाख आहे. अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत (उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने उत्पन्न धरण्याच्या सोयीत) असलेल्यांचे नियम वेगळे आहेत.

६. जी.एस.टी.चे ऑडिट सी.ए.कडून करून घ्यावे लागते ना?

आता नाही. ती अट १ ऑगस्ट २०२१ पासून काढून टाकली आहे आणि वार्षिक रिटर्न आणि हिशेब यांच्या ताळमेळाचे पत्रक व्यापाऱ्याने स्वतःच प्रमाणित करायचे असते. या नावाखाली अजूनही वेगळी फी मागितली जात असेल तर ती नेमकी कोणत्या कामाची, हे लेखी विचारावे. खात्याने स्वतः केलेले ऑडिट ही निराळी गोष्ट असून ती तरतूद कायम आहे.

७. कॉस्ट अकाउंटंट टॅक्स ऑडिट करू शकतात का? त्यांचेही शिक्षण तेवढेच कठीण असते.

शिक्षण कठीण आहे, हे खरे. त्यांची संस्था १९४४ पासूनची आहे. उत्पादन खर्चाचे लेखापरीक्षण, ज्याला कॉस्ट ऑडिट म्हणतात, ते प्रॅक्टिसमधील कॉस्ट अकाउंटंटच करू शकतो, सी.ए. नाही. टॅक्स ऑडिटपुरती मात्र आयकर कायद्यातील 'लेखापाल' या शब्दाची व्याख्या सी.ए.पुरतीच मर्यादित आहे. ती विस्तारावी ही कॉस्ट अकाउंटंटांची मागणी जुनी आहे आणि २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही ती मान्य झालेली नाही.

८. आमचे सी.ए.च वर्षभर आमची वही लिहितात आणि मार्चनंतर तेच ऑडिट करतात. यात काही चूक आहे का?

कंपनी असेल तर स्पष्टपणे चूक आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १४४ नुसार लेखापरीक्षकाने त्याच कंपनीचे हिशेब लिहिण्याची सेवा देऊ नये. एकट्याचा धंदा किंवा भागीदारी असेल तर कंपनी कायदा लागू होत नाही, पण संस्थेची भूमिका तीच आहे: ज्याच्यावर वही लिहिण्याची जबाबदारी आहे त्याने, त्याच्या भागीदाराने किंवा त्याच्या फर्मने त्या वहीचे ऑडिट करू नये. लहान शहरात एकाच कार्यालयात सगळे करून घेण्याची सवय असते आणि ती सोयीचीही वाटते, पण स्वतः लिहिलेले स्वतःच तपासले तर चूक सापडण्याची शक्यता जवळपास उरत नाही. हिशेब मुनीमजींनी किंवा वेगळ्या कार्यालयाने लिहावेत आणि तपासणी दुसऱ्याने करावी, हाच रस्ता आहे.

९. घरातच सी.ए. आहे. भाऊ, पुतण्या किंवा मेहुणे आमचे ऑडिट करू शकतात का?

येथे दोन कायद्यांच्या दोन याद्या आहेत आणि गोंधळ त्यातूनच होतो. कंपनी कायद्याप्रमाणे ज्याचा 'नातेवाईक' कंपनीत संचालक आहे तो तिचा लेखापरीक्षक होऊ शकत नाही. त्या यादीत पती-पत्नी, आई-वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण आणि एकत्र हिंदू कुटुंबाचे सदस्य येतात. म्हणजे वडील संचालक असतील तर मुलगा नाही आणि भाऊ संचालक असेल तर भाऊ नाही. बहिणीचे यजमान आणि विभक्त कुटुंबातील पुतण्या या यादीत नाहीत.

पण दुकान वडिलांच्या एकट्याच्या नावावर आहे किंवा भागीदारी आहे आणि प्रश्न टॅक्स ऑडिटचा आहे, तर आयकर कायद्याची यादी पाहावी लागते आणि ती बरीच मोठी आहे. तिच्यात पत्नीचे किंवा पतीचे भाऊ-बहीण, या सर्वांचे जोडीदार आणि भावा-बहिणींची मुलेही येतात. त्यामुळे कंपनीच्या बाबतीत ज्यांना मनाई नाही ते मेहुणे आणि पुतणे येथे अपात्र ठरतात. विभक्त कुटुंबातील चुलत भाऊ दोन्ही याद्यांबाहेर राहतो.

यादीत नाव नसले की प्रश्न संपला, असे मी मानत नाही. संस्थेच्या आचारसंहितेत जवळिकीमुळे निःपक्षपातीपणाला येणाऱ्या धोक्याचा स्वतंत्र विचार आहे. दिवाळीला एका पंगतीत बसणाऱ्याने आपल्याच माणसाच्या हिशेबावर प्रतिकूल शेरा मारावा, ही अपेक्षा ठेवणे त्याच्यावरही अन्याय करणारे आहे. असे काम त्याने स्वतःहून नाकारणे उत्तम.

१०. सी.ए.ने कर भरण्यासाठी आमच्याकडून पैसे घेतले, पण भरलेच नाहीत. तक्रार कोठे आणि कशी करायची?

आधी चलान तपासावे. आयकर आणि जी.एस.टी. दोन्हींच्या पोर्टलवर आपल्या लॉगिनमधून भरणा दिसतो. तो दिसत नसेल तर लेखी विचारणा करून उत्तर मागावे. ग्राहकाचे पैसे वेगळ्या बँक खात्यात न ठेवणे किंवा ते ज्या कामासाठी दिले त्यासाठी न वापरणे, हा सी.ए. कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टातील गैरवर्तनाचा प्रकार आहे आणि दुसरे परिशिष्ट गंभीर प्रकारांचे आहे.

तक्रार आय.सी.ए.आय.च्या शिस्तपालन संचालकांकडे, विहित नमुना १ मध्ये, ठरावीक शुल्कासह करायची असते. तिच्यात राग नको, तारखा हव्यात: कोणत्या दिवशी किती रक्कम कोणत्या खात्यातून गेली, कोणत्या संदेशात काय उत्तर आले, कर खात्याची नोटीस केव्हा आली. बँकेचा उतारा, संदेशांच्या प्रती आणि नोटीस ही सगळी कागदपत्रे क्रमांक घालून जोडावीत. रोख दिली असेल आणि पावती नसेल तर प्रकरण तेथेच लंगडे होते. म्हणून कराची रक्कम सी.ए.कडे न देता चलान आपल्याच खात्यातून भरावे, असा माझा सर्वांना आग्रह असतो.

पुढे संबंधित सदस्याला लेखी उत्तरासाठी २१ दिवस मिळतात आणि त्या उत्तरावर तक्रारदाराचे म्हणणे मागवले जाते. त्यानंतर प्रथमदर्शनी दोष दिसतो की नाही, यावर संचालक मत देतात. पहिल्या परिशिष्टातील प्रकरणे शिस्त मंडळाकडे जातात. दुसऱ्या किंवा दोन्ही परिशिष्टांतील प्रकरणे शिस्तपालन समितीकडे. ताकीद, दंड, काही काळासाठी किंवा कायमचे नाव नोंदवहीतून काढणे, अशा शिक्षा आहेत. निर्णयावर अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. घटनेला सात वर्षांहून अधिक काळ लोटला असेल आणि त्यामुळे पुरावा मिळणे कठीण झाले असेल, तर संचालक तक्रार दाखल करून घेण्यास नकार देऊ शकतात.

११. या तक्रारीतून आमचे पैसे परत मिळतात का? नंतर समेट झाला तर तक्रार मागे घेता येते का?

पैसे परत मिळत नाहीत. संस्था सदस्याच्या वर्तनाचा निर्णय करते, देणे-घेणे ठरवत नाही. वसुलीसाठी दिवाणी दावा आणि फसवणूक असेल तर पोलिसांत फिर्याद हे वेगळे मार्ग आहेत; ते एकाच वेळी चालू शकतात. समेट झाल्यास तक्रार मागे घेण्याचे पत्र देता येते, पण परवानगी देणे मंडळाच्या किंवा समितीच्या हाती असते. केवळ पैसे वसूल करण्यासाठी दबाव म्हणून तक्रार करणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे.

१२. सी.ए. बदलायचा आहे, पण जुने 'एन.ओ.सी.' देत नाहीत. नवे म्हणतात, त्याशिवाय काम घेता येत नाही.

कायद्यात ना-हरकत प्रमाणपत्राची अट नाही. नव्या लेखापरीक्षकाने काम स्वीकारण्यापूर्वी जुन्याशी लेखी संपर्क साधावा, एवढी अट आहे. पत्र पोहोचल्याचा पुरावा असावा आणि उत्तरासाठी वाजवी वेळ द्यावा. जुन्याने मौन पाळले म्हणून काम कायमचे अडत नाही. जुन्याची वादात नसलेली ऑडिट फी बाकी असेल तर मात्र नव्याने नेमणूक स्वीकारू नये, असे संस्थेचे निर्देश आहेत. तेव्हा फी चुकती करावी किंवा तिच्याविषयीचा आक्षेप लेखी नोंदवावा. जुन्या लेखापरीक्षकाची स्वतःची कार्यपत्रे (तपासणी करताना केलेली टिपणे) ही त्याची मालमत्ता असतात. ती मागण्याचा हक्क ग्राहकाला नाही.

१३. 'परतावा मिळवून देतो, त्याच्या दहा टक्के द्या' असे एका सी.ए.ने सांगितले. हे चालते का?

नाही. फायद्याच्या टक्केवारीवर किंवा निकालावर अवलंबून फी ठरवणे हे पहिल्या परिशिष्टानुसार गैरवर्तन आहे. नियमांनी दिलेले अपवाद मोजके आहेत. असा प्रस्ताव आला तर विवरणपत्रात खोट्या वजावटी घातल्या जातील, ही भीती खरी आहे आणि त्याची नोटीस करदात्याच्या नावावर येते.

१४. एन.एफ.आर.ए. म्हणजे काय? आमच्या लहान कंपनीशी त्याचा संबंध आहे का?

राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण कंपनी कायद्याच्या कलम १३२ खाली १ ऑक्टोबर २०१८ रोजी स्थापन झाले. सत्यम या संगणक कंपनीच्या हिशेबातील घोटाळा जानेवारी २००९ मध्ये उघड झाल्यानंतर मोठ्या कंपन्यांच्या लेखापरीक्षकांवर स्वतंत्र नियंत्रण हवे, ही मागणी जोर धरू लागली होती. शेअर बाजारात नोंदलेल्या सर्व कंपन्या, बँका व विमा कंपन्या आणि नोंदणी नसलेल्या पब्लिक कंपन्यांपैकी ५०० कोटी भरणा भांडवल, १००० कोटी उलाढाल किंवा ५०० कोटी कर्ज व ठेवी यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपन्या त्याच्या कक्षेत येतात. ते लेखापरीक्षकाला सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंत कामास मनाई करू शकते. व्यक्तीला फीच्या पाचपट आणि फर्मला दहापटीपर्यंत दंड करू शकते. त्याने चौकशी हाती घेतली की त्याच बाबतीत आय.सी.ए.आय.ला कारवाई करता येत नाही.

आपल्या लहान प्रायव्हेट कंपनीशी त्याचा संबंध येत नाही; तिच्या लेखापरीक्षकासाठी प्रश्न १० मधील मार्गच आहे. मात्र ज्यांची बचत शेअरमध्ये आहे त्यांनी या प्राधिकरणाचे आदेश वाचावेत. ते संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले असतात आणि ऑडिट कोठे कमी पडले हे त्यांत तपशीलवार लिहिलेले असते.

१५. मुलीला सी.ए. करायचे आहे. परीक्षा मराठीतून देता येते का? की ए.सी.सी.ए. करावे?

परीक्षा इंग्रजी किंवा हिंदी माध्यमातून देता येते, मराठीतून नाही. ग्वाल्हेरमध्ये वाढलेल्या मुलांना हिंदीचा पर्याय उपयोगी पडू शकतो. ए.सी.सी.ए. ही १९०४ पासूनची ब्रिटिश संस्था आहे. तिच्या पात्रतेवर बहुराष्ट्रीय कंपन्यांत चांगली नोकरी मिळू शकते, पण भारतात ऑडिटवर सही करता येत नाही. स्वतःचे कार्यालय थाटायचे असेल तर सी.ए.ला पर्याय नाही.

१६. आमच्या मंडळाचे हिशेब सभेत निवडलेले तपासनीस पाहतात. तेवढे पुरते का?

सभासदांसमोर हिशेब मांडण्यासाठी ती पद्धत चांगलीच आहे आणि ती मोडू नये. पण नोंदणीकृत संस्था आयकरातून सूट घेत असेल आणि सूट धरण्यापूर्वीचे तिचे उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर सी.ए.चा अहवाल लागतो. सभागृह भाड्याने देणाऱ्या मंडळांचे उत्पन्न नकळत ही मर्यादा ओलांडते. अहवाल वेळेत गेला नाही तर सूट धोक्यात येते.

१७. कंपनीचे लेखापरीक्षक वर्षाच्या मध्येच वारले. आता काय करावे?

मृत्यूमुळे रिकामी झालेली जागा संचालक मंडळाने ३० दिवसांत भरायची असते आणि नवा लेखापरीक्षक पुढच्या वार्षिक सभेपर्यंत काम पाहतो. राजीनाम्यामुळे जागा रिकामी झाली असेल तर मंडळाच्या नेमणुकीला तीन महिन्यांत सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. नेमणूक भागीदारी फर्मच्या नावाने असेल आणि इतर भागीदार असतील, तर एका भागीदाराच्या मृत्यूने जागा रिकामी होत नाही. म्हणून आधी नेमणुकीचा ठराव काढून नाव व्यक्तीचे आहे की फर्मचे, हे पाहावे. नव्या नेमणुकीची सूचना कंपनी निबंधकांकडे जाते. मध्य प्रदेशासाठी निबंधकांचे कार्यालय ग्वाल्हेरलाच असले तरी अर्ज ऑनलाइनच भरायचा असल्यामुळे त्यासाठी जयेंद्रगंजात चक्कर मारण्याची गरज नाही.